शेवटच्या घराची सिद्धता

दिवाळीला अवघे बारा दिवस उरले असताना, १ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी, मुलुंडला माईआत्यांकडे गेलो, तेव्हा त्यांच्या बाहेरच्या खोलीतील दूरचित्रवाणी संचावर काळ्या-पांढऱ्या मुंग्यांचे वारूळ फुटलेले होते. आणि संचासमोर खुर्ची ओढून, हातात रिमोट धरून, आत्या त्या मुंग्यांकडे अशा एकाग्रतेने पाहत होत्या, की जणू थोडा धीर धरला तर त्यांतूनच नेहमीची मालिका पुन्हा आकार घेईल. आदल्या मध्यरात्री सरकारी आदेशान्वये मुंबईतील केबलवरचे जुने, अ‍ॅनालॉग पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले होते. "अरे, रात्री झोपताना चांगला चालू होता," असे त्या मला पाहताच म्हणाल्या, आणि त्या बोलण्यात तक्रारीपेक्षा अपराधाची छटा अधिक होती. आपल्याच हातून कोणते तरी बटण भलते दाबले गेले असावे, असे त्या सकाळपासून धरून चालल्या होत्या.

वस्तुतः त्यांच्या घरी सेट-टॉप बॉक्स येऊन पडलेला होता. गणपतीच्या सुमारास केबलवाल्याचा मुलगा पैसे घेऊन, अर्जावर सही घेऊन, तो बॉक्स त्यांच्या हवाली करून गेला होता. आणि 'माणूस येऊन लावून देईल' हे त्याचे वाक्य प्रमाण मानून आत्यांनी तो खोका, वरची चिकटपट्टीही न काढता, लोखंडी कपाटावर पितळेच्या समईशेजारी नीट ठेवून दिला होता. माणूस आला नाही. केबलवाल्याच्या दफ्तरी मात्र त्या घरापुढे 'बॉक्स दिला' अशी नोंद पडली असणार, ती नोंद पायरीपायरीने वर गेली असणार, आणि शहरातील इतकी घरे नव्या पद्धतीसाठी तयार झाली असा जो हिशेब सरकारदरबारी रुजू झाला, त्यात माईआत्यांचेही घर एक तयार घर म्हणून मोजले गेले असणार. कपाटावरचा तो बंद खोका आणि पडद्यावरच्या त्या मुंग्या यांच्यामधले अंतर किती, ते कसे पडते आणि कोणी भरून काढायचे असते, हा प्रश्न त्या सकाळी माझ्या मनात जो उभा राहिला तो अद्याप बसलेला नाही. आणि जगातील कितीतरी राष्ट्रांना तो सोडवावा लागला असल्यामुळे, त्यांचा अनुभव आपल्या वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हा पालट नेमका कशाचा, ते पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरच्या दशकांत ज्यांच्या घरी पहिला संच आला त्यांना गच्चीवरचा अँटेना, तो फिरवणारा घरातला धाडसी मुलगा, खिडकीतून 'आलं, आलं, थांब... गेलं!' असे ओरडणारी त्याची बहीण, आणि एखादा कावळा येऊन दांडीवर बसताच थरथरणारी वृत्तनिवेदिका, हे सारे आठवत असेल. त्या जुन्या पद्धतीत चित्रातील उजेड-अंधाराच्या चढउतारांप्रमाणे लहरींचाही चढउतार होत असे. लहर ही चित्राची प्रतिकृतीच असे. त्यामुळे वाटेत लहर क्षीण झाली तर चित्रही त्याच प्रमाणात क्षीण होई: प्रथम सावली पडे, मग मुंग्या येत, पण मुंग्यांआडूनही क्रिकेटचा चेंडू सीमेपार गेला की नाही हे कळत असे, आणि आवाज तर बहुधा शेवटपर्यंत साथ देई. नव्या, डिजिटल पद्धतीत चित्र प्रथम मोजले जाते, त्याचे शून्य आणि एक अशा अंकांत रूपांतर होते, चित्राचा जो भाग क्षणापूर्वी होता तसाच आहे तो पुन्हा पाठवण्याचा खर्च टाळला जातो, आणि ही आटोपशीर अंकमाला संचापाशी पोहोचल्यावर तिच्यातून चित्र पुन्हा रचले जाते. परिणामी जेवढ्या जागेत पूर्वी एक वाहिनी मावत असे तेवढ्याच जागेत अनेक वाहिन्या मावतात, आणि चित्र कमालीचे स्वच्छ दिसते.

या स्वच्छतेची एक किंमत आहे, आणि ती सामान्य प्रेक्षकाला आगाऊ सांगितली जात नाही. पावसात भिजलेले पत्र अंदाजाने वाचता येते. पण सांकेतिक लिपीतील तार निम्मी पुसली गेली, तर उरलेल्या निम्म्या अक्षरांचाही अर्थ लागत नाही. डिजिटल प्रक्षेपणाचे तसेच आहे. संकेत एका मर्यादेपर्यंत दुबळा झाला तरी चित्र निर्दोष राहते, मर्यादा ओलांडताच त्याचे चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो, आणि पुढच्याच क्षणी पडदा रिकामा होतो. अभियंते याला कड्याची उपमा देतात: उतार नाही, सपाट जमीन संपली की एकदम दरी. जुन्या पद्धतीत ज्या घरात 'जेमतेम' दिसत होते, त्या घराच्या वाट्याला नव्या पद्धतीत 'उत्तम' येते किंवा 'काहीच नाही' येते. 'जेमतेम' हा मधला, गरिबाच्या सोयीचा टप्पाच नाहीसा होतो.

मग सरकारांनी हा पालट करण्याचा हट्ट का धरला? अवकाशातील लहरींचा पट्टा ही शहरातील जमिनीसारखी मर्यादित मालमत्ता आहे, आणि जुनी दूरचित्रवाणी त्या जमिनीवर ऐसपैस वाडा बांधून बसलेली होती. अमेरिकेत हा वाडा आवरता घेतल्यामुळे ५२ ते ६९ क्रमांकांच्या वाहिन्यांचा, म्हणजे १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा होणार होता. त्यांपैकी २४ मेगाहर्ट्झ पोलीस, अग्निशामक दल आणि इतर संकटनिवारक यंत्रणांसाठी राखून ठेवावयाचे होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगानेही या जागेची निकड सांगितली होती. उरलेल्यापैकी मोठा भाग २००८ साली लिलावात निघाला, आणि त्यातून सरकारी तिजोरीत १,९०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम येण्याची निश्चिती झाली. हेतू वाजवी होता, लाभ मोठा होता. पण हा लाभ ज्यांच्या पडद्यावरून वसूल व्हायचा होता त्या कुटुंबांनी तो मागितलेला नव्हता, आणि म्हणूनच त्यांचा पडदा काळा पडू न देण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येऊन पडली.

अमेरिकी सरकारने ही जबाबदारी कागदावर तरी मान्य केली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने १७ फेब्रुवारी २००९ ही अखेरची तारीख ठरवली, आणि जुन्या संचाला नवे प्रक्षेपण समजावून देणारी परिवर्तक पेटी घेण्यासाठी १५० कोटी डॉलरांची तजवीज केली. ज्या घरी केबल किंवा उपग्रहाची छत्री होती त्यांना काही करावे लागणार नव्हते; प्रश्न होता तो छपरावरच्या वा संचावरच्या अँटेनावर विसंबलेल्या घरांचा. मागेल त्या कुटुंबाला प्रत्येकी ४० डॉलरांची दोन कूपने मिळत; पेटीची किंमत साधारण ४० ते ८० डॉलर असे; कूपनाची मुदत ९० दिवस. १ जानेवारी २००८ पासून अर्ज घेणे सुरू झाले. योजना वाचताना तिच्यात न्यून दिसत नाही. प्रत्यक्षात, अगदी आरंभी ज्यांनी तत्परतेने अर्ज केले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती कूपन पडले तेव्हा जवळच्या दुकानात पेट्याच पोहोचल्या नव्हत्या, आणि पेट्या पोहोचल्या तेव्हा कूपनाची मुदत टळून गेली होती. शिवाय वाटलेले प्रत्येक कूपन वापरले जाईपर्यंत वा रद्द होईपर्यंत त्याची रक्कम हिशेबात अडकवून ठेवणे भाग असल्याने, जानेवारी २००९ च्या आरंभी, ऐन गर्दीच्या वेळी, मंजूर रकमेची सीमा गाठली गेली आणि नवे अर्जदार प्रतीक्षा-यादीत जाऊन बसले. ती यादी पाहता पाहता वीस लाख कूपनांच्या पलीकडे गेली. नव्याने अधिकारावर आलेल्या राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ११ फेब्रुवारी रोजी, मुदतीला सहा दिवस उरले असताना, तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि त्याच महिन्यात आणखी ६५ कोटी डॉलरांची भर घालण्यात आली.

या काळात प्रेक्षकगणना करणाऱ्या नील्सन या संस्थेने घराघरांच्या सिद्धतेचे मोजमाप चालवले होते, आणि ते आजही मननीय आहे. ज्या घरातील एकही संच नवे प्रक्षेपण दाखवू शकणार नाही, ते घर सर्वथा असिद्ध, असा त्यांचा निकष होता. जानेवारी २००९ मध्ये अशी घरे सुमारे ६५ लाख, म्हणजे संच असलेल्या घरांपैकी ५.७ टक्के होती. सर्वसाधारण तर्क असा, की वृद्ध माणसेच मागे राहिली असतील. आकड्यांनी हा तर्क उलटवला. ज्या घरांचा कुटुंबप्रमुख ५५ वर्षांहून मोठा होता त्यांपैकी केवळ ४ टक्के घरे असिद्ध होती, तर पस्तिशीच्या आतील कुटुंबप्रमुखांच्या घरांत हे प्रमाण ८.८ टक्के होते. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कुटुंबांत तर ते दहा टक्क्यांच्या घरात पोहोचले होते. ज्याची संध्याकाळ त्या पडद्यावर अवलंबून आहे त्याने सूचना ऐकली, अर्ज भरला, कूपन जपून ठेवले. ज्याला भाड्याचे घर दर वर्षी बदलावे लागते, ज्याच्या घरची भाषा सरकारी सूचनेची भाषा नाही, ज्याला कामावरून आल्यावर दुकानाची वेळ गाठता येत नाही, तो राहून गेला. मला यातून असे दिसते, की असिद्धतेचे मूळ वयापेक्षा स्थैर्याच्या अभावात अधिक आहे. म्हातारपण ही अडचण खरी, पण ती शेजार असला की सुटते, आणि ज्याला शेजारच नाही त्याची अडचण तरुणपणातही सुटत नाही.

कड्याची गोष्ट वर सांगितली, तिची प्रचीती नॉर्थ कॅरोलिना राज्यातील विल्मिंग्टन या समुद्रकाठच्या शहराला सर्वांआधी आली. देशव्यापी तारखेपूर्वी एक रंगीत तालीम व्हावी म्हणून तेथील व्यापारी वाहिन्यांनी ८ सप्टेंबर २००८ रोजी भर दुपारी बारा वाजता आपले जुने प्रक्षेपण स्वखुशीने थांबवले. महिनोन्‌महिने प्रचार झालेला होता, आणि तो सफळही झाला होता: आज काय बंद होणार आहे हे ठाऊक नाही असा माणूस शहरात विरळा होता. तरीही दूरध्वनी खणखणत राहिले. विचारणारांपैकी अनेकांनी पेटी आणलेली होती, जोडलेलीही होती. पण वाहिन्या नव्याने शोधून घेण्याची आज्ञा त्या पेटीला द्यावी लागते, हे त्यांना कोणी करून दाखवले नव्हते. आणि काहींनी सर्व काही यथास्थित करूनही त्यांचा पडदा रिकामाच राहिला, कारण एका वाहिनीचे जुने प्रक्षेपण जेवढ्या दूरवर जाई तेवढ्या दूरवर नवे पोहोचतच नव्हते. वर्षानुवर्षे मुंग्यांतून का होईना पण दिसणारे परिचित चेहरे त्या सीमेवरच्या घरांतून एका दुपारी निघून गेले. त्या घरांच्या तयारीत कसूर नव्हती, कसूर नकाशात होती.

विल्मिंग्टनच्या त्या तालमीतील दोन गोष्टी मात्र अनुकरणीय आहेत. एक, प्रदेश वादळांचा आणि महिना वादळांचा असल्यामुळे तेथील एका सार्वजनिक वाहिनीने आपले जुने प्रक्षेपण चालूच ठेवले, जेणेकरून संकटाची सूचना सर्वांना मिळावी. दुसरी, ज्या व्यापारी वाहिन्या बंद झाल्या त्यांनी जुन्या लहरींवर लगेच शून्यता येऊ दिली नाही. काही काळ तेथे एक स्थिर पाटी झळकत राहिली, की आपला संच बिघडलेला नाही, प्रक्षेपणाची पद्धत बदलली आहे, आणि साहाय्य अमुक ठिकाणी मिळेल. पुढे देशभर असे करता यावे म्हणून खास कायदा झाला, आणि लोक या योजनेला प्रेमाने रात्रदिवा म्हणू लागले. घरात सर्वत्र अंधार केल्यावर लहान मूल दचकू नये म्हणून कोपऱ्यात जी लहानशी ज्योत ठेवतात, तिची उपमा एका सरकारी उपायाला मिळावी, हा मला त्या उपायाचा गौरव वाटतो. मुलुंडच्या त्या सकाळी मुंग्यांऐवजी असे मराठीतील एकच वाक्य पडद्यावर असते, तर माईआत्यांनी स्वतःला दोष देत तीन तास घालवले नसते.

हवाई बेटांवर तर तारीख एका पक्ष्याने ठरवली. माउई बेटावरील हालेआकाला पर्वतावर जुने मनोरे होते, आणि दुर्मिळ होत चाललेला एक समुद्रपक्षी तेथे घरटी करण्यास येण्यापूर्वी ते उतरवणे आवश्यक असल्यामुळे, त्या राज्याने १५ जानेवारी २००९ रोजीच, देशाच्या आधी, जुने प्रक्षेपण संपवले. पक्ष्यांच्या विणीचा काळ जर वेळापत्रकात धरता येतो, तर माणसांच्या अडचणींचाही धरता यावा, हे उघड आहे. आणि जपानने ते करून दाखवले. तेथे २४ जुलै २०११ ही अंतिम तारीख होती, पण त्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त केलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली. ब्रिटनने प्रदेशवार, टप्प्याटप्प्याने पालट केला. २००७ च्या शरदात व्हाइटहेव्हन या लहान बंदरगावापासून आरंभ करून २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये त्याची सांगता झाली, म्हणजे मुंबईच्या तारखेच्या बरोबर एक आठवडा आधी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी, अपंगांसाठी आणि दृष्टिहीनांसाठी तेथे साहाय्य योजना होती, आणि तिची मातब्बरी ही, की ती पेटी देऊन थांबत नसे: माणूस घरी येई, पेटी जोडून देई, कशी चालवायची ते दाखवी, आणि पुढे काही अडले तर विचारण्याची सोय ठेवून जाई.

इतक्या तयारीनंतरही अमेरिकेत १२ जून २००९ रोजी काय घडले? अखेरच्या सप्ताहात असिद्ध घरांची संख्या २८ लाखांवर, अडीच टक्क्यांवर आली होती. त्या एका दिवसात सरकारी साहाय्य-केंद्राकडे तीन लाखांहून अधिक दूरध्वनी आले. आणि बहुतेक तक्रारी विल्मिंग्टनला आल्या तशाच, वाहिन्या पुन्हा न शोधल्याच्या आणि अँटेना अपुरा पडल्याच्या होत्या. ऑगस्टच्या अखेरीस असिद्ध घरे सुमारे सात लाखांवर उतरली. चार महिन्यांची मुदतवाढ वाया गेली नाही, हे यावरून सिद्ध होते. आणि हेही सिद्ध होते, की पहिली नव्वद घरे जाहिरातीने तयार होतात, पुढची सात-आठ पैशाने तयार होतात, आणि अखेरची दोन-तीन घरे केवळ माणसाने तयार होतात.

आता आपल्याकडे येऊ. भारतातील पालटाचे स्वरूप निराळे होते, कारण आपल्या शहरांत चित्र गच्चीवरून येण्याचे केव्हाच थांबून ते केबलच्या तारेतून येऊ लागले होते. ती तार ज्याच्या हाती, तो गल्लीतला केबलवाला. त्याच्याकडे ग्राहक किती याचा हिशेब तो सांगेल तोच, आणि त्यामुळे वाहिन्यांचे मालक, सरकारचे करमणूक-कर खाते आणि खुद्द ग्राहक हे तिघेही अंदाजावर चालत. ऑक्टोबर २०११ च्या वटहुकुमाने आणि पाठोपाठ डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने १९९५ च्या केबल अधिनियमात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक घरी स्वतंत्र क्रमांकाचा बॉक्स असणे अनिवार्य ठरले. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई यांच्यासाठी प्रथम ३० जून २०१२ आणि नंतर ३१ ऑक्टोबर २०१२ ही तारीख ठरली. ३१ मार्च २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत महाराष्ट्राची नऊ होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई. उरलेली शहरे आणि गावे यांच्या तारखा पुढे सरकत सरकत ३१ मार्च २०१७ वर येऊन थांबल्या. शंभर निःशुल्क वाहिन्यांचा मूळ संच महिना शंभर रुपयांपेक्षा अधिक दराने देता येणार नाही, असे बंधनही नियामक प्राधिकरणाने पहिल्याच टप्प्यात घातले. खेडोपाडी, वस्त्यांवर, जेथे केबलची तार कधी पोहोचलीच नाही, तेथे दूरदर्शनने डिसेंबर २००४ पासून सुरू केलेली मोफत छत्री-सेवा हा खरा आधार ठरला. आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक सर्व जुने भूप्रक्षेपक निरोप घेते झाले, तेव्हा गच्चीवरच्या त्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे युग आपल्याकडेही संपले.

हिशेब लागला, चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या. हे सर्व मान्य करून मी माझ्या मूळ प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे सिद्धतेचे माप 'किती बॉक्स दिले' हे राहिले, 'किती पडदे उजळले' हे राहिले नाही. एका घरात बाहेरच्या खोलीतला संच तयार झाला, पण स्वयंपाकघरातला जुना लहान संच, ज्याच्यासमोर घरातली बाई भाजी निवडताना दोन घटका विसावत असे, तो मुका झाला, आणि त्याची गणना कोठेच झाली नाही. वाण्याच्या दुकानातला, वॉचमनच्या चौकीतला, एकाच तारेला गाठी मारून चार झोपड्यांत वाटून घेतलेला, असे कितीतरी संच नोंदीबाहेरच होते. दूरचित्रवाणी हा चैनीचा विषय असता तर मी यासाठी इतके शब्द खर्चिले नसते. पण त्याच नोव्हेंबरच्या १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, मुंबईची दुकाने आणि रस्ते दोन दिवस थबकले, आणि एकट्या राहणाऱ्या कितीतरी वृद्धांना शहरात काय चालले आहे हे सांगणारा आवाज त्या पडद्यातूनच आला. ज्यांच्या पडद्यावर अजून मुंग्या होत्या त्यांना तो आला नाही.

म्हणून कोणत्याही कुटुंबाने, आणि त्याहून अधिक त्या कुटुंबाच्या शेजाऱ्यांनी व नातलगांनी, अशा पालटाच्या वेळी काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगतो. घरात संच किती आहेत हे मोजावे, आणि प्रत्येकाला पेटी लागेल की नाही हे तारखेच्या महिनाभर आधी ठरवावे. खोका आला की त्याच दिवशी उघडावा, कारण एखादी वायर कमी आहे किंवा जुन्या संचाला मागे ती बसवण्याची जागाच नाही, हे मुदतीच्या रात्री कळून उपयोग नसतो. अर्जाची प्रत, पावती आणि पेटीच्या पाठीवरचा क्रमांक एकत्र ठेवावेत. अँटेना असेल तर त्याचे तोंड आणि तार तपासावी, आणि वाहिन्या नव्याने शोधण्याची क्रिया घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्यावी. जुना जाड काचेचा संच टाकून द्यायचा ठरला तर तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर फोडू देऊ नये. त्या काचेत शिसे असते, आणि ते फोडणाऱ्या पोराच्या श्वासात व जमिनीत जाते. इलेक्ट्रॉनिक कचरा रीतसर घेणाऱ्यांकडेच तो द्यावा.

त्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावर राहणारा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आणि मी मिळून आत्यांचा बॉक्स जोडला. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना संचामागे बसवणे, दूरध्वनीवरून क्रमांक सांगून बॉक्स चालू करून घेणे, यास दहा-पंधरा मिनिटे पुरली. पुढचा एक तास खरा कामाचा होता. आता रिमोट दोन झाले होते, आणि कोणता कशाचा हे आत्यांच्या ध्यानी राहीना, तेव्हा त्या मुलाने आपल्या बहिणीची लाल नेलपॉलिश आणून बॉक्सच्या रिमोटवरील दोनच बटणांवर ठिपके दिले, संचाच्या रिमोटला पांढरी पट्टी चिकटवून तीवर 'आधी हा' असे ठळक देवनागरीत लिहिले, आणि मग आत्यांना म्हणाला, "आजी, आता तुम्ही बंद करा आणि परत लावा." त्यांनी बंद केला, लावला, पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेस त्या मुलाने आपले हात पाठीमागे बांधून घेतले होते, आणि आत्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

दिवाळीत पुन्हा गेलो, तेव्हा कपाटावर समईशेजारी बॉक्सचा तो रिकामा खोका तसाच होता. झाकण उघडून पाहिले, तर आत गेल्या वर्षीच्या पणत्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या होत्या, आणि बाहेरच्या खोलीतून संध्याकाळच्या बातम्या ऐकू येत होत्या.